हरवलेला उत्तररंग

१

बुधवारी दुपारी नंदाचा फोन आला. "वैजयंतीताई, बाईंचा उत्तररंग गेला."

मी खिचडी परतत होते. हात तसाच थांबला. "गेला म्हणजे काय गं?"

"फाईलच नाही कॉम्प्युटरवर. पूर्वरंग आहे, उत्तररंग नाही. मी मंडळाच्या खोलीतूनच बोलतेय. सतीशराव सुश्रुतला वाट्टेल ते बोलतायत. तुम्ही या बरं आधी."

मी गॅस बंद केला. कोट घालून दारापर्यंत गेले आणि परत येऊन तो खरंच बंद आहे ना ते बघितलं. जीव थाऱ्यावर नसला की माझं असं होतं.

ज्यांनी कीर्तनं ऐकली आहेत त्यांना सांगायला नको, पण इथं जन्मलेल्या मुलांसाठी सांगते. पूर्वरंगात कीर्तनकार एक विचार घेतात आणि तो उलगडून दाखवतात. मग मध्यंतर होतं, बुक्का लागतो, हार घालतात. आणि उत्तररंगात त्याच विचाराची कथा उभी राहते. माणसं रडतात ती तिथं. उत्तररंग नसलेलं कीर्तन म्हणजे पानं मांडून, रांगोळ्या काढून, उदबत्ती लावून पंगत बसवायची आणि वाढायचंच नाही.

अनुराधाबाई पस्तीस वर्षं लंडनच्या वेम्बलीत कीर्तन करत आल्या. दर वर्षी कोजागरीनंतरच्या रविवारी. दोन हजार सहाच्या त्या ऑक्टोबरात त्यांच्या नजरेतला मधला भाग गेलेला होता, कडेकडेचं काय दिसेल तेवढंच. पुढच्या वर्षी तेही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. "हा रविवार शेवटचा," बाई आम्हाला म्हणाल्या होत्या. "एक आख्यान मनात आहे. तेवढं गाते, मग मोकळी."

त्या सांगायच्या, नंदा वहीत उतरवून घ्यायची, दर बुधवारी मंडळाच्या कॉम्प्युटरवर टाईप करायची आणि वहीची पानं फाडून टाकायची. मग छापलेला मजकूर तीनतीनदा वाचून दाखवायचा, की बाईंना पाठ. पूर्वरंग पाठ झाला होता. उत्तररंग टाईप होऊन तयार होता, छापून वाचायचा तेवढा राहिला होता. आणि ओव्या बाईंच्या स्वतःच्या. एकदा तोंडातून गेलेली ओवी मला पुन्हा तशी येत नाही, हे त्या नेहमी सांगायच्या.

रविवारला चार दिवस होते.

२

मंडळाची खोली ईलिंग रोडवर एका साडीच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यातच मला सतीशरावांचा आवाज आला. सतीशराव आमचे अध्यक्ष. पोस्टातून रिटायर झालेले, माणूस मनाचा चांगला, पण आवाज कायम पार्सलवर शिक्का मारल्यासारखा.

"तुला कोणी सांगितलं होतं रे चालतं विंडोज काढायला?"

"काका, चालतं कुठं होतं? व्हायरसनं भरलं होतं," सुश्रुत म्हणाला. हा मुलगा नागपूरचा, सत्तावीस वर्षांचा, वर्क व्हिसावर आलेला. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला येतो आणि सतरंज्या उचलेपर्यंत थांबतो. उन्हाळ्यात त्यानंच मंडळाच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स घातलं होतं.

पण आमचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम, त्याचं नाव 'बोरू', फक्त विंडोजसाठी बनलेला. तो बनवणारी पुण्याची कंपनी कधीच बंद पडली, आणि मंडळाचा पंधरा वर्षांचा मजकूर त्याच प्रोग्रामात. तेव्हा सुश्रुतनं एक मधला प्रोग्राम घातला, त्याच्यामुळे बोरू लिनक्सवर चालायला लागला. त्या मधल्या प्रोग्रामाचं नाव वाईन. कमिटीच्या मीटिंगमध्ये हे नाव निघालं तेव्हा सतीशराव म्हणाले होते, "मंडळाच्या मालमत्तेत वाईन चालणार नाही. मिनिट्समध्ये तरी लिहू नका."

आता मात्र कोणी हसत नव्हतं. सुश्रुतनं सगळ्यांसमोर नंदाच्या नावाखालचं सगळं चाळून दाखवलं. पूर्वरंग होता, दिवाळी अंकाची पत्रं होती, हळदीकुंकवाची यादी होती. उत्तररंग नव्हता. "पुसल्याची खूणही नाही, तो इथं कधी नव्हताच," तो सांगायला लागला.

"पुरे," सतीशराव म्हणाले. "तू आता या मशीनला हात लावायचा नाहीस. शनिवारी सकाळी माझा भाचा येतोय. तो हे सगळं पुसून जुनं विंडोज टाकेल. आणि तू रविवारी नाही आलास तरी चालेल."

सुश्रुतचा चेहरा एकदम लहान झाला. त्यानं खिशातून खोलीची चावी काढून टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेला.

मी एका मोठ्या हॉस्पिटलात रुग्णांच्या कागदपत्रांच्या विभागात सव्वीस वर्षं काढली. हरवलेली फाईल शोधणं हेच माझं काम. इतक्या वर्षांत मला चोरीला गेलेली फाईल एकदाच भेटली. बाकी सगळ्या भलत्याच रॅकवर सापडल्या. पण शनिवारी इथलं रॅकच जाळायचं ठरत होतं.

३

त्याच संध्याकाळी मी नंदाला तिच्या केमिस्टच्या दुकानाबाहेर गाठलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मी पाच बुधवार बसले ताई. पाच. मला तर सकाळीच पाल चुकचुकल्यासारखं झालं होतं. कामाला बसले, तर सुरुवातीचा देवाचा फोटोही नव्हता. कोणीतरी काढलेला. म्हटलं, असू दे, मनातल्या मनात नमस्कार केला आणि बसले. बाईंनी बजावलं होतं ना, उत्तररंगाला देवाचं दर्शन घेतल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून."

"फाईल कुठं ठेवली होतीस?"

"सी ड्राइव्हमध्ये, बोरूच्या फोल्डरमध्ये. नेहमी तिथंच ठेवते. शपथेवर सांगते."

ती खोटं बोलत नव्हती. तिला ते येतच नाही.

गुरुवारी बाईंकडे गेले. बाईंनी दार आतून उघडलं आणि मला हाताला धरून आत नेलं. त्यांच्या गळ्यात नेहमी एक किल्ली असायची, पदराआड, मंगळसूत्राजवळ. ती दिसली नाही.

"श्रीकांतनं घेतली," त्या म्हणाल्या. "दोनदा मी ती बाहेरून दाराला तशीच ठेवली. एकदा गॅस चालू राहिला. आतून दार उघडतं माझं, बाहेर गेले की परत येता येत नाही. म्हणजे एकटीनं कुठं जायचं नाही."

"बाई, आख्यान पुन्हा सांगता येईल का? मी लिहून घेते."

"गोष्ट सांगता येईल गं. ओव्या नाही यायच्या. आणि ओव्यांवाचून मी काय, बातम्या देऊ?" त्यांनी माझा हात दाबला. "वैजू, तुला म्हणून सांगते. या वर्षी पुराणातलं आख्यान नाही. एका आईची गोष्ट आहे. हे मला आणि नंदालाच ठाऊक, आता तुला. सतीशरावांनी पत्रकावर पौराणिक आख्यान छापलंय, छापू दे."

मी उठले तशा त्या म्हणाल्या, "डोळे गेले की कान मोठे होतात. इथं आता दूधवाला येत नाही, तरी सहाला पाऊल वाजतं. सगळं ऐकू येतं मला."

मला वाटलं, वय झालं की होतात भास.

श्रीकांत बाईंचा एकुलता एक. इथंच जन्मला, बेचाळीस वर्षांचा आहे, कौन्सिलमध्ये नोकरी करतो, ईलिंगला राहतो. कीर्तनात पेटीवर तोच. त्याचं मराठी मोडकं आहे, पण सूर पक्का. लहानपणी बाईंनी त्याला शनिवारच्या वर्गात मराठी वाचायलाही शिकवलं होतं. अजून वाचतो, एकेका अक्षरावर बोट ठेवून.

मी निघणार तेवढ्यात तो कामावरून आईकडे आला. स्वयंपाकघरात त्यानं माझ्यासाठी चहा केला आणि स्वतःचा प्यायलाच विसरला.

"मावशी, आई थकली आहे. कॅन्सल करू दे ना. लोकांना काय, पुराणातला गोष्ट पाहिजे, प्रसाद पाहिजे. घरातला भांडण ऐकायला कोण येतो हॉलमध्ये?"

"खरंय," मी म्हटलं.

ट्रेनमध्ये बसले. नॉर्थ ऍक्टन गेलं, हँगर लेन गेलं, आणि मी मध्येच उभी राहिले. समोरच्या बाईनं मला बरं नाहीसं वाटून वाट करून दिली.

घरातलं भांडण? हे त्याला कोणी सांगितलं?

४

शुक्रवारी पहाटेपासून माझी बोटं टेबलावर ताल धरत होती. श्रीकांतला आख्यान माहीत होतं, म्हणजे त्यानं ते वाचलं होतं. पण कुठं? नंदाच्या नावाखाली त्यानं काही केलं असतं, तर पुसल्याची काहीतरी खूण सुश्रुतला दिसली असती. सुश्रुत म्हणाला होता, तिथं उत्तररंग पुसलेला नाही, तो तिथं कधी नव्हताच. सतीशरावांनी त्याला बोलू दिलं नव्हतं.

मी सुश्रुतला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गाठलं. तो ऑफिसखालच्या बाकावर सँडविच हातात धरून बसला होता. खाल्लेलं नव्हतं.

"मला एक सांग. तुझा तो बोरू विंडोजचा. मग लिनक्सवर तो जगतो कसा? आणि मला इंजिनीअरला सांगतात तसं सांगू नकोस."

तो थोडा हसला. "मावशी, बोरूला वाटतं आपण विंडोजमध्येच आहोत. तो विचारतो, माझा सी ड्राइव्ह कुठाय? लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नसतोच. मग वाईन त्याला एक साधं फोल्डर दाखवतं आणि सांगतं, हा घे तुझा सी ड्राइव्ह. बोरू खूष. त्याला कळतच नाही की गाव बदललंय."

"आणि ते फोल्डर कुठं असतं?"

"ज्याच्या नावानं कॉम्प्युटर उघडला, त्याच्या घरात. लपवलेलं असतं, सहसा दिसत नाही."

मी त्याचा दंड धरला. "ज्याच्या नावानं म्हणजे? चार जणांची चार नावं केलीस ना तू?"

"हो. मग चार सी ड्राइव्ह. प्रत्येकाचा आपला. बोरू सगळीकडे सारखाच दिसतो, नावंही तीच. म्हणजे बघा, ईलिंग रोडवर चार घरं आहेत, चारही घरांत देव्हारा आहे. कोणी म्हणालं, देव्हाऱ्यात ठेवलंय, तर ते खोटं नाही. पण कोणाच्या घरातल्या?" तो बोलता बोलता थांबला. "पण नंदाताई दुसऱ्याच्या नावानं कशाला उघडतील? स्वतःचं नाव असताना?"

"त्या नावांना पासवर्ड होते?"

"सगळ्यांना एकच. सतीशकाकांनी भिंतीवर चिकटवलाय."

मी तिथूनच नंदाला फोन लावला. "नंदा, तो देवाचा फोटो कुठं होता गं? भिंतीवर?"

"भिंतीवर कुठला हो. कॉम्प्युटर चालू केला की नावं येतात ना, प्रत्येकाशेजारी एकेक चित्र. माझ्याशेजारी फूल आहे. एकाशेजारी बाईंच्या घरचा विठोबा होता, काय सुंदर फोटो. पूर्वरंगाला मी फुलावरूनच जायचे. उत्तररंगाला मात्र देवावरून जायचे. दर्शन व्हायचं आणि तेच उघडायचं. कॉम्प्युटर एकच, कुठूनही गेलं तरी आत बोरूच. नाही का?"

"आणि बुधवारी?"

"देवाच्या जागी फुटबॉल होता. मग फुलावरून गेले."

सुश्रुत माझ्याकडे बघत होता. त्याच्या हातातलं सँडविच खाली पडलं. "तो फोटो श्रीकांतदादाच्या नावाशेजारी होता," तो म्हणाला. "आणि चित्र बदलायचं, तर ते ज्याचं त्यालाच बदलता येतं, नाहीतर पासवर्ड ठाऊक असलेल्याला. मावशी, मी आत्ता जाऊन उघडू? मला सगळ्यांचं उघडता येतं."

"नको," मी म्हटलं. "एक दिवस दे मला. अर्धा दे."

शनिवारी सकाळी दहाला भाचा येणार होता.

५

संध्याकाळी पाचला मी कौन्सिलच्या कार पार्कमध्ये उभी होते. श्रीकांतनं मला बघितलं आणि गाडीचं दुसरं दार उघडलं.

"पासवर्ड बदललास का रे?" मी विचारलं.

त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"मी आईला बर्थडे कार्ड लिहायला बोरू उघडला. गेल्या शनिवारी. खाली यादीत एकच फाईल होता. मी समजलो, माझा काही जुना आहे. उघडला." तो थांबला. "एका मुलाने आईची किल्ली घेतली. तिला तिच्या घरात पाहुणी केलं. मावशी, सगळ्या हॉलला माहीत आहे कोण मुलगा. मी पेटीवर बसणार, आणि आई बोलणार, आणि सगळे माझ्याकडे बघणार."

"मग पुसून का नाही टाकलीस?"

"आई बोलते तसाच लिहिलाय सगळा. तिचा आवाज येतो वाचताना." तो खिडकीकडे वळला. "मला नाही झालं."

"म्हणून फोटो काढलास, पासवर्ड बदललास, आणि गप्प बसलास. उद्या सतीशरावांचा भाचा सगळं पुसेल. तुझ्या बोटाला डाग नाही. आणि त्या नागपूरच्या मुलाला रविवारी देवासमोरही यायला बंदी."

त्यानं गाडीची काच खाली केली.

"किती वाचलंस?"

"दोन पानं. मला वेळ लागतो. नंतर वाचवेना."

"आणि आख्यान किती पानांचं आहे?"

त्यानं मान हलवली. त्यानं बघितलंच नव्हतं.

पस्तीस वर्षं मी बाईंच्या पुढ्यात पहिल्या ओळीत बसले आहे. कथेतल्या कुणालाही बाईंनी कधी पहिल्या दोन पानांवरच दोषी ठरवून सोडलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण पुढं काय आहे, ते मलाही ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "श्रीकांत, गाडी वेम्बलीकडे घे."

मंडळाच्या खोलीतल्या प्रिंटरमधून पानं निघाली. सहा. श्रीकांतनं ती न बघता पाकिटात घातली. रात्रीच नंदानं ती बाईंना वाचून दाखवली, आणि मला बाईंचा फोन आला. "पाच पानं पाठ करते. सहावं श्रीकांत वाचेल. त्याला आधी दाखवू नका."

"बाई, तुम्हाला माहीत आहे फाईल कोणाकडे होती?"

"माझ्या लेकाची पेटी कधी चुकते आणि का चुकते, ते मला कळत नाही वाटतं?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

६

रविवारी हॉल भरला होता. सतीशरावांनी भाच्याला शनिवारी चहा पाजून परत पाठवलं होतं. कारण मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, फाईल सापडली. कुठं, ते रविवारी कळेल.

पूर्वरंग झाला. मध्यंतरात बाईंना बुक्का लावला. हार घालायला श्रीकांत उठला, आणि हार घालून झाल्यावर तो तसाच उभा राहिला. माईक त्यानं हातात घेतला होता.

"फाईल माझ्याकडे होता," तो म्हणाला. "मी लपवली. सुश्रुतची काही चूक नाही. सॉरी."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. सतीशराव उठले आणि मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या सुश्रुतकडे गेले. त्याला येऊ दे म्हणून मीच निरोप धाडला होता. सतीशरावांनी आपले टाळ काढून त्याच्या हातात दिले. "वाजवता येतात का?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज शिक्क्यासारखा आला नाही.

उत्तररंग सुरू झाला. एक आई होती. तिची किल्ली तिच्या मुलानं घेतली. ती देवापाशी जाऊन भांडली, माझ्याच घरात मला पाहुणी का केलंस म्हणून. लोक पेटीकडे बघत होते. श्रीकांतची मान खाली होती, पण पेटी एकदाही चुकली नाही. बाईंनी ओवी उचलली:

हातातून किल्ली गेली।
माय म्हणे मी परकी झाली।
तोच पावले वाजली।
दाराशी कुणाची॥

इथं बाई थांबल्या. त्यांनी हात पुढं केला, आणि नंदानं सहावं पान श्रीकांतच्या समोर ठेवलं.

तो वाचायला लागला. एकेका अक्षरावर बोट. जोडाक्षर आलं की थांबायचा, ओठ हलवायचा, पुन्हा वाचायचा. आम्ही टाळ अगदी हलके धरून ठेवले.

"देव... म्हणाला, बाई, तू... माझ्याशी भांडतेस. पण रोज... सकाळी सहाला... तुझ्या दारात... कोण येतो? बूट... काढून... स्वयंपाक... घरात कोण जातो? गॅस... बंद आहे... का बघतो... आणि तू... जागी... होऊ नयेस म्हणून... श्वास... धरून... परत जातो?"

श्रीकांतचं बोट थांबलं.

सहाचं पाऊल. मी गुरुवारी बाईंच्या तोंडून ते ऐकलं होतं आणि म्हातारपणाचा भास म्हणून सोडून दिलं होतं.

"वाच," बाई म्हणाल्या. माईक त्यांच्यापासून लांब होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई म्हणाली..." त्यानं डोळे पुसले, पुन्हा जागा शोधली. "आई म्हणाली, देवा, तो... तू असशील... असं मला... वाटलं होतं. देव म्हणाला, मला... इतक्या... सकाळी... जाग येत नाही."

हॉल हसला, आणि हसता हसता रडला. बाईंनी पेटीच्या दिशेनं हात केला, अंदाजानं, आणि तो त्याच्या डोक्यावर बरोबर पडला.

"बूट काढून आलास तरी," त्या म्हणाल्या, "तुझा डावा गुडघा वाजतो रे. लहानपणापासून. आता सूर दे."

श्रीकांतनं सूर दिला. सुश्रुतचे टाळ अर्धी मात्रा मागं पडत होते. कोणी त्याला थांबवलं नाही.